बीएसडब्ल्यूला जायचंच असेल तर

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. तू म्हणतेस बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, आणि घरचे म्हणतात नर्सिंगला जा, लवकर लागशील. बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. या पदवीवर 'उमेद'मध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, बाल संरक्षण कक्षात, संस्थांच्या प्रकल्पांत कामं मिळतात. पण ती बहुतेक कंत्राटी. प्रकल्प आटोपला की पगार आटोपला. वरचं पद हवं तर पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे याच विषयाची पदव्युत्तर पदवी, आलीच. म्हणजे हिशेब पाच-सहा वर्षांचा आहे, तो घरी आत्ताच स्पष्ट सांग.

आता एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. एमएसडब्ल्यूसाठी बीएसडब्ल्यूच लागतं असं नाही. बीए, बीकॉमवालेही जातात. मग बारावीनंतर लगेच इकडे का यावं? माझ्या मते कारण एकच, क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्गाबाहेर, गावात नाहीतर संस्थेत. जिथं ते मनापासून करून घेतात तिथंच प्रवेश घे. नाहीतर सरळ अर्थशास्त्र घेऊन बीए कर. यवतमाळचं सावित्री जोतिराव, नागपूरचं तिरपुडे, मातृसेवा संघाची संस्था ही नावं तुझ्या कानावर असतील. कुठंही जा, पण अर्ज भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठ. कोणत्या गावात पाठवतात, अहवाल सर वाचतात की नुसती सही करतात, आणि गावात किती वाजता जाता, हे विचार. शेवटचा प्रश्न साधा वाटेल. पण अकरा ते पाच गावात असतं कोण? म्हातारे आणि कुत्री. कापूस वेचायच्या दिवसांत तर तेही धुऱ्यावर. जे कॉलेज पोरांना सकाळी सातला किंवा दिवेलागणीला गावात जाऊ देतं, त्यांना गाव कळतं असं समज.

वर्गात व्यक्तिसहाय्य कार्य, म्हणजे एकेका माणसासोबत काम करणं, शिकवतील, समोरच्याचं ऐकून कसं घ्यावं ते शिकवतील. ते नीट शिक. पण समज, तुला एका घरी पाठवलं. कर्त्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली, आणि सरकारी मदतीचं प्रकरण 'अपात्र' ठरलेलं. तिथं नुसतं ऐकून भागत नाही. २००६ च्या शासन निर्णयानं एक लाखाची मदत नापिकी, थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा या कारणांशी बांधली. कर्जही बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं पाहिजे. आपल्याकडे पैसा येतो कृषी केंद्राच्या उधारीतून, साळ्याकडून, बिनपरवान्याच्या सावकाराकडून. त्याचा कागद कुठून आणायचा? म्हणून प्रकरण पडतं. मग तुला बघावं लागेल की सोसायटीची थकबाकी खरंच नव्हती, की दाखला काढायला कुणी गेलंच नाही. सातबारावर वारसांची नोंद झाली का? ती नसेल तर पुढच्या हंगामाचं पीककर्जही अडतं. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, संजय गांधी निराधारचं महिन्याचं अनुदान, लेकरांसाठी बालसंगोपन ही सगळी वेगळी प्रकरणं आहेत. एक अपात्र झालं म्हणून बाकीची बंद होत नाहीत. हे त्या बाईला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि पहिल्याच भेटीत फाईल मागू नकोस. ओसरीवर सासू बोलेल, सून आतून ऐकत राहील. सुनेचं ऐकायचं असेल तर निंदणाला तिच्यासोबत वावरात जा.

भाषेचं मी फार मनावर घेतो. झरी-पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जाशील तर कोलामीतली चार वाक्यं तरी शिकून जा. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. परीक्षेत याला गुण नाहीत, म्हणून कुणी शिकत नाही. तुझी वऱ्हाडीही कॉलेजात गेल्यावर सोडू नकोस. प्रमाण मराठी अहवालात लिही, पारावर कशाला?

समुदाय संघटनाचा पेपर येईल तेव्हा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला एकदा जाऊन ये. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं ग्रामसभा सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय घेत नाही, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. तू संघटन करायला जाऊ नकोस, बैठकीत मागं बसून कोण बोलतं, कोण गप्प राहतं ते वहीत टिपून घे. विद्यार्थी गावात पोचले की लगेच पथनाट्य आणि स्वच्छता फेरी काढतात. फोटो चांगले येतात, एवढंच.

अहवाल त्याच रात्री लिहीत जा. 'घरची परिस्थिती हलाखीची' असं लिहिलंस तर मी फाडून टाकीन. किती एकर, ओलीत की कोरडवाहू, कर्ज कुणाचं, चूल किती वेळा पेटते, ते लिही.

खर्चाचं म्हणशील, तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या सरकारी संकेतस्थळावर वेळेत भर, आणि जातपडताळणी झाली नसेल तर त्या कामाला याच आठवड्यात लाग. क्षेत्रकार्याचं गाडीभाडं मात्र बरेचदा पदरचंच जातं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे तेवढाच आधार. बाबांना घेऊन एखाद्या रविवारी इकडे ये. नर्सिंगचं काय ते त्यांच्याशी मीच बोलतो.

तुझा,
सर