धुतलेली गाडी पुसून नाही, फिरवून वाळते

भावा, तू चार गोष्टी एका दमात विचारल्यास: बाइक धुतल्यावर टाकीवर पांढरे ठिपके राहतात, धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किकवर किक मारावी लागते, चेन दोन दिवसात किरकिरायला लागते, आणि पाणी उडवायला ब्लोअर, म्हणजे हवा मारायचं मशीन, घ्यावा का. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक सांग, गाडी धुतोस कधी? संध्याकाळी कामावरून आल्यावर धुवायची, वरवर फडकं मारायचं, कव्हर घालायचं आणि झोपायचं असं करत असशील तर तुझे निम्मे प्रॉब्लेम तिथेच आहेत. कव्हरखाली ओली गाडी म्हणजे झाकण लावलेला कुकर, रात्रभर दमट राहते आणि स्पार्क प्लगच्या टोपीत, स्विचमधे, चेनच्या कड्यांत शिरलेलं पाणी जागचं हलत नाही. मी गाडी सकाळीच धुतो, तीसुद्धा त्या दिवशी कुठंतरी जायचं असेल तरच, कारण फडक्याने फक्त दिसणारं पाणी निघतं, आतलं पाणी निघतं ते इंजिनच्या गरमीने आणि चालवताना लागणाऱ्या हवेने. पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणलेली गाडी जेवढी कोरडी होते तेवढी तासभर पुसत बसलास तरी होणार नाही.

मग पुसायचंच कशाला? तर ठिपक्यांसाठी. तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, थेंब उडून जातो आणि क्षार तिथंच बसतो, बादलीच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर धरतो तोच हा. उन्हात धुतलीस की साबण पुढच्या भागावरून निघेपर्यंत मागचा भाग वाळलेला असतो, म्हणून सावलीत धू, आणि गाडी आत्ताच चालवून आणली असेल तर इंजिन हात लावण्याइतकं गार होऊ दे, तापलेल्या पाइपवर पडलेलं पाणी जागच्या जागी उडतं आणि डाग ठेवून जातं. आणखी एक, पाणी वाचवायचं म्हणून बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात, चाकं आणि मडगार्डचा चिखल काढायला ठीक आहे पण शेवटचा हात त्या पाण्याने मारू नकोस, त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. त्यापेक्षा एसीच्या पाइपमधून जे पाणी ठिबकतं ते बादलीत धरून ठेव, ते हवेतलं पाणी गार होऊन झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. माझ्या टाकीवरून शेवटचा तांब्या त्याचाच असतो, शेजारी हसतात, हसू देत.

फडकी दोन ठेव, एक टाकी, साइड पॅनल आणि काचेसाठी, दुसरं चाकं, इंजिन आणि स्विंगआर्मसाठी (मागचं चाक धरणारा दांडा), आणि अदलाबदल करू नकोस. मायक्रोफायबर चांगलं, नसेल तर जुना धुवट सुती बनियन कुठल्याही महागड्या कापडाच्या तोंडात मारेल. घासायचं नाही, टिपायचं. फडकं पसरून ठेवायचं, वरून हात दाबायचा, उचलायचं. आणि जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा टाकीला लावलंस तर पुढच्या उन्हात गोल गोल चरे मोजत बसशील.

आता सकाळच्या किकचं. मागे एकदा मी आळस करून नाक्यावरच्या वॉशिंग सेंटरला गाडी दिली, पोराने पाण्याचा जेट थेट इंजिनच्या हेडवर, म्हणजे प्लग बसतो त्या वरच्या भागावर, धरला. घरी येईपर्यंत गाडी ठीक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फट्‌ फट्‌ करून बंद, पुन्हा फट्‌ फट्‌ करून बंद. प्लगची टोपी ओढून काढली तर आत पाणी आणि प्लगच्या चिनी मातीवर बारीक थेंब, म्हणजे स्पार्क आत जायच्या ऐवजी ओल्या अंगावरून बाहेरच पळत होता. टोपी आतून-बाहेरून पुसली, प्लगवर हवा मारली, पहिल्या किकला चालू. ज्या गाड्यांचा प्लग हेडमधे खोल बसतो त्यांच्यात पाणी बाहेर जायला बहुतेक एक बारीक भोक ठेवलेलं असतं, ते चिखलाने बुजलं की आत हौद होतो, तेवढं बघून घे. दसऱ्याला दरवर्षी हीच गंमत, आदल्या दिवशी सगळ्या गल्लीत गाड्या धुतात, झेंडूची माळ घालतात आणि सकाळी मेकॅनिककडे रांग.

टाकीचं झाकणही उघडून बघ. तोंडाच्या बाहेरच्या कडेला पाणी खाली जायचं एक भोक असतं आणि त्याची नळी खाली उतरते. ते धुळीने बंद असेल तर पाणी झाकणापाशी साचतं आणि हळूहळू टाकीत उतरतं. आता पेट्रोलमधे इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि पेट्रोल ओढलं जातं ते तळातूनच, मग गाडी झटके मारते आणि आपण उगाच कार्बोरेटर उघडून बसतो.

चेनबद्दल मात्र नीट ऐक. इंजिन चालू, गाडी गिअरमधे आणि फडकं चेनला, हे कधीच करायचं नाही, कुणी कितीही सफाईने करताना दिसू दे. फडकं स्प्रॉकेटमधे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर बोट, डोळ्याची पापणी लवायच्या आत. गाडी मेन स्टँडला, न्यूट्रल, इंजिन बंद, चाक हाताने मागे फिरव आणि चेन फडक्यात धरून पूस. मग ती पंधरा-वीस मिनिटांची फेरी. घरी आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा ल्यूब किंवा नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लाव, दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाक. तू बहुतेक ओल्या चेनवरच स्प्रे मारतोस, पाणी आतच कोंडतं, म्हणून ती दोन दिवसात किरकिरते. गंजतेही.

फेरीला निघतानाची गोष्ट. माझ्या जुन्या स्प्लेंडरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक, धुवून गल्लीबाहेर पडलो, समोर भाजीची गाडी आडवी आली, ब्रेक दाबला तर लागलाच नाही, नुसता पाण्यावर सरकल्यासारखा. पाय घासत थांबलो, दोन टोमॅटो तेवढे गेले. तेव्हापासून पहिले शे-दोनशे मीटर हळू आणि ब्रेक हलका धरून, ड्रम तापला की पाणी उडतं. डिस्क असेल तर सकाळी तिच्यावर तांबूस थर दिसेल, घाबरू नकोस, दोन ब्रेकमधे जातो. फक्त गंज जावा म्हणून डिस्कला तेल किंवा कुठला स्प्रे लावू नकोस.

ब्लोअर? असेल तर छान, स्विच, चावीचं भोक, स्पोकची मुळं यांना मस्त. नसेल तर पंक्चरवाल्याकडची हवा दहा-वीस रुपयात तेच काम करते, फक्त नळी चाकाच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) अगदी जवळून धरू नको म्हणावं, पाणी बाहेर यायच्या ऐवजी सीलच्या आत जातं.