फोरफ्लाइटमध्ये (वैमानिकांच्या नकाशांच्या ॲपमध्ये) चार्ट, म्हणजे उड्डाणाचे नकाशे, पूर्ण डाउनलोड होत नाहीत आणि आयपॅड भरून जातो. सोलो क्रॉस-कंट्रीआधी काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: ॲरिझोनात विमान चालवण्याचं ट्रेनिंग चालू आहे, पुढच्या आठवड्यात पहिली सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने दुसऱ्या विमानतळापर्यंतचं लांबचं उड्डाण) आहे, आयपॅड ६४ जीबीचा आहे आणि अपार्टमेंटचं वायफाय चौघांत मिळून वापरता. रात्रभर डाउनलोड लावून ठेवलं तरी सकाळी ते अर्धवटच असतं आणि वर जागा संपल्याची सूचना येते. मी फिनिक्सच्या आसपास इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवतो. आपल्याकडून इथे शिकायला आलेली मुलं मला हा प्रश्न सारखा विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

डाउनलोडच्या पानावर तुम्ही किती राज्यांवर खूण केली आहे ते आधी बघा. बहुतेक जण ॲप घेतलं त्या दिवशी उत्साहाने सगळी अमेरिका निवडतात आणि मग ते विसरून जातात. तुम्हाला सध्या ॲरिझोना पुरेसं आहे. रूट राज्याच्या सीमेजवळून जाणार असेल तर शेजारचं एक राज्य धरा. राज्य निवडलं की त्याला स्पर्श करणारे सगळे सेक्शनल (बाहेर बघून उडणाऱ्यांसाठीचे विभागवार नकाशे) येतात. फिनिक्स, टूसॉन, प्रेस्कॉट, सेडोना हे सगळं फिनिक्स सेक्शनलवर आहे, पण ग्रँड कॅन्यनकडे जायचं तर लास वेगास सेक्शनल लागतो. तो 'नेवाडाचा नकाशा' समजून कोणी काढून टाकला तर पंचाईत होते.

त्यानंतर चार्टचे प्रकार बघा. हाय एनरूट चार्ट १८,००० फूट आणि त्यावरच्या उड्डाणांसाठी असतात. सेसना १७२ या छोट्या विमानातून सोलो जाणाऱ्याला त्यांचं काही काम नाही, ते बंद करा. लो एनरूट (त्याखालच्या उंचीचे) इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याचं शिक्षण, सुरू होईल तेव्हा घ्या. टर्मिनल प्रोसीजर (विमानतळावर येण्या-जाण्याच्या पद्धतींची पानं) मात्र व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून, उडत असलात तरी काढू नका, कारण विमानतळाचा डायग्राम त्यातच येतो. कंट्रोल टॉवर असलेल्या अनोळखी विमानतळावर उतरल्यावर टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, तुमची सगळी भिस्त त्याच पानावर असते.

सेक्शनल इतके जड का असतात तेही सांगतो. तो १:५,००,००० प्रमाणाचा कागदी नकाशाच असतो, चित्र म्हणून कापून, वेगवेगळ्या झूमसाठी तुकडे करून ठेवलेला. ॲपमधला दुसरा नकाशा, ज्यात रेषा आणि नावं ॲप स्वतः काढतं, तो डेटावर चालतो आणि पुष्कळ हलका असतो. जागेची अगदीच मारामार असेल तर त्यावर चालवून घ्यायचा मोह होतो. पण चेकराइडला (लायसन्सच्या उड्डाण-परीक्षेला) एक्झामिनर सेक्शनलवरचीच चिन्हं विचारणार आहे. सेक्शनल ठेवाच, जागा दुसरीकडून काढा.

आता जागेचं खरं दुखणं. चार्टचं सायकल, म्हणजे एका आवृत्तीची मुदत, २८ दिवसांचं असतं आणि ते जगभर एकाच गुरुवारी बदलतं, फिनिक्समध्ये आणि मुंबईतही. २०२६ चं पहिलं सायकल २२ जानेवारीला सुरू झालं, दुसरं १९ फेब्रुवारीला. सेक्शनल पूर्वी सहा महिन्यांनी बदलायचे, २०२१ पासून एफएए (अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था) ते दर ५६ दिवसांनी काढते. नवीन सायकल लागू होण्याच्या काही दिवस आधीच डाउनलोडसाठी येतं, आणि जुनं त्या गुरुवारपर्यंत वापरात असतं. म्हणजे तेवढे दिवस आयपॅडवर दोन्ही संच बसतात. एरवी जेमतेम मावणारा डेटा त्या आठवड्यात दुप्पट होतो. तुमची सूचना दर महिन्याला साधारण त्याच सुमारास येत असेल तर कारण हेच. मुदत संपलेला डेटा आपोआप काढून टाकण्याची सोय ॲपमध्ये आहे, ती चालू ठेवा. आणि निवड करतानाच दुपटीचा हिशोब धरा. मी मुलांना आयपॅडवर कायम दहा जीबी तरी मोकळे ठेवायला सांगतो.

आयपॅडच्या सेटिंगमध्ये जनरल, मग आयपॅड स्टोरेज उघडलं की कोण किती जागा खातंय ते दिसतं. बहुतेक वेळा तिथे घरी पाठवलेले व्हिडिओ आणि उतरवून ठेवलेल्या मालिका निघतात. त्या काढा. न वापरलेली ॲप आपोआप काढून टाकण्याचं सेटिंग बंद करा, नाहीतर महिनाभर उड्डाण झालं नाही तर ऐन वेळी ॲपच जागेवर सापडत नाही. आयपॅडचं सिस्टिम अपडेटही उड्डाणाच्या आदल्या रात्री करू नका. त्यालाही भरपूर मोकळी जागा लागते, आणि काही बिघडलं तर निस्तरायला वेळ उरत नाही.

रात्रभर लावलेलं डाउनलोड सकाळी अर्धवट का? यात पहिला संशय स्क्रीनवर घ्या. स्क्रीन बंद होऊन आयपॅड झोपला की मोठं डाउनलोड रखडू शकतं. ऑटो-लॉक तेवढ्या रात्रीपुरता बंद करा, चार्जर लावा, ॲप समोर उघडं ठेवा. लो पॉवर मोड चालू असेल तर तो काढा, कारण त्यात स्क्रीन तीस सेकंदांत बंद होते. सामायिक वायफायवर पुन्हा पुन्हा लॉग-इनचं पान येत असेल तर मध्यरात्री जोडणी तुटते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. अशा वेळी फ्लाइट स्कूलच्या वायफायवर दुपारी, मोकळ्या तासात डाउनलोड करणं बरं. फोनच्या हॉटस्पॉटवरही होतं, फक्त आपल्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला किती डेटा आहे ते आधी बघून घ्या.

एक कारण असं आहे की ते कोणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्याकडे सेंट्रीसारखा एडीएस-बी रिसीव्हर (हवेत हवामान आणि इतर विमानांची माहिती पकडणारं छोटं यंत्र) असेल तर आयपॅड त्याच्याशी वायफायनेच जोडला जातो. रिसीव्हर बॅगेत चालू राहिला तर घरी आल्यावरही आयपॅड त्यालाच चिकटून बसतो. वर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि डाउनलोड मात्र शून्यावर. माझ्या एका विद्यार्थ्याने यावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि राउटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी फ्लाइट बॅगेत लुकलुकणारा दिवा दिसला तेव्हा उलगडा झाला. याच रिसीव्हरबद्दल आणखी एक गैरसमज असतो: हवेत गेल्यावर त्यातून चार्ट येतील असं काहींना वाटतं. त्यातून हवामान येतं, टीएफआर (उड्डाणावरचे तात्पुरते निर्बंध) येतात, आसपासची विमानं दिसतात. चार्ट येत नाहीत. जमिनीवर जे उतरवलं तेवढंच वर सोबत असतं.

एखादी फाइल अडकून बसली तर तेवढंच राज्य काढून पुन्हा घ्या, आयपॅड एकदा रीस्टार्ट करा. ॲप काढून नव्याने टाकणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि तोही चांगलं नेट आणि मोकळा दिवस हाताशी असतानाच, कारण त्यात सगळे चार्ट जातात. मोठ्या एअरलाइनवरही ही वेळ आलेली आहे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या आयपॅडवरचं चार्टचं ॲप बंद पडलं आणि अनेक डझन विमानं खोळंबली. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला होता, एवढंच कारण. उपाय होता ॲप काढून पुन्हा टाकण्याचा, आणि त्यासाठी वायफाय हवं म्हणून काही विमानांना गेटवर परत यावं लागलं. त्याच कंपनीने काही वर्षांपूर्वी प्रत्येक वैमानिकाची सुमारे १६ किलोची कागदी चार्टची बॅग आयपॅडवर आणली होती. ती सोय खरीच मोठी आहे, मी स्वतः पुन्हा कागदी बाइंडरकडे जाणार नाही. पण चार्ट आयपॅडवर आला की तो नीट उतरलाय का हे बघणंही प्रीफ्लाइटचाच, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीचाच, भाग झालं.

आता माझ्यासोबत घडलेलं सांगतो. एका विद्यार्थ्याला घेऊन मी ग्रँड कॅन्यनच्या विमानतळावर निघालो होतो. रॅम्पवर (विमानं उभी असतात तिथे) आम्ही दोघांनी त्याच्या आयपॅडवर पूर्ण रूट बघितला. नकाशा स्वच्छ होता, झूम केला तरी अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. सेडोना मागे पडलं, मोबाइलचं नेटवर्क गेलं, आणि फ्लॅगस्टाफच्या पुढे त्याने झूम केलं तर समोर नुसता पिवळट-तपकिरी धुरळा. डोंगरांच्या उंचीचे आकडे नाहीत, हवाई हद्दीच्या रेषा नाहीत. झालं होतं असं की नेट असताना ॲप नकाशा थेट वरून आणून दाखवतं, मग तो आयपॅडवर असो वा नसो. आम्ही जमिनीवर बघितला तो नेटवरून आलेला नकाशा होता. जागा संपल्यामुळे लास वेगास सेक्शनल तेवढा उतरायचा राहून गेला होता. कॅन्यनवर उड्डाणाचे खास नियम आहेत, कुठे शिरायचं नाही त्याच्या सीमा नकाशावरच बघाव्या लागतात, आणि नेमका तोच भाग गेला होता. माझ्या बॅगेत कागदी चार्ट होता. तो मांडीवर उलगडला आणि आम्ही व्यवस्थित उतरलो. तो मुलगा त्या दिवशी सोलो असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून माझ्याकडे आता नियम आहे. डाउनलोडच्या पानावरच्या हिरव्या खुणेवर विसंबून मी सोलोसाठी सही देत नाही. आदल्या रात्री आयपॅड विमान-मोडवर टाकायचा, वायफायही हाताने बंद आहे ना बघायचं, कारण विमान-मोडमध्येही ते चालू राहू शकतं. मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. नकाशावर रूटच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवायचं, दर थोड्या अंतरावर झूम करून बारीक अक्षरं वाचायची. निघण्याचा, उतरण्याचा आणि पर्यायी विमानतळ, तिन्हींचे डायग्राम उघडायचे. पाच मिनिटांचं काम आहे. फोरफ्लाइटमधलं पॅक बटणही जरूर दाबा, त्या रूटला काय कमी आहे ते शोधून ते उतरवतं आणि सोबत हवामान आणि नोटॅमही (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना) घेतं. पण पॅक झाल्यावरही विमान-मोडची ही तपासणी मी सोडत नाही.

उन्हाळ्यात उडणार असाल तर आयपॅड उन्हात ठेवून रॅम्पवर डाउनलोड करत बसू नका. ॲपलने वापरासाठी ३५ अंश सेल्सिअसची मर्यादा दिली आहे, आणि इथे जुलैत सावलीतच चाळिशी ओलांडते. तापला की तो आधी मंदावतो आणि मग तापमानाची सूचना दाखवून बंद होतो. फोनवरही त्याच खात्याने ॲप टाकून फक्त ॲरिझोनाचे चार्ट घेऊन ठेवा. फोनमध्ये जीपीएस असतंच, नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये नसतं. पहिल्या सोलोला फिनिक्स सेक्शनलची कागदी प्रतही घ्या, रूटची रेघ पेन्सिलने त्यावर मारून.

तुमची सोलो गुरुवारी आहे का तेही एकदा बघा. सायकल बदलण्याचा गुरुवार असेल तर एफएएचे नवीन चार्ट ०९०१ झुलूला (जागतिक प्रमाणवेळ यूटीसीनुसार) लागू होतात, म्हणजे ॲरिझोनात पहाटे दोन वाजून एक मिनिटाला. तसं असेल तर बुधवारी रात्री दोन्ही सायकल आयपॅडवर असू द्या, आणि सकाळी नेट असतानाच ॲप उघडून सेक्शनलची आणि उतरण्याच्या विमानतळाच्या डायग्रामची तारीख वाचून मगच घरातून निघा.