डॉक्टर न होता रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करता येईल का?

स.न.

आपली कन्या कराडला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायचे आहे. एम.बी.बी.एस. न झालेली मुलगी रुग्णालयात रक्त तपासण्यापलीकडे काय करणार, अशी शंका आपण पत्रात विचारली आहे.

शंका रास्त आहे. पण गेल्या काही वर्षांत तिचे उत्तर याच संस्थेच्या आवारात मिळाले आहे. ‘नेक्सकार १९’ या रक्ताच्या काही कर्करोगांवरील, भारतात घडवलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढायच्या, या कर्करोगात बिघडलेल्या बी पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता यावे असे जनुक त्यांत घालायचे, त्या वाढवायच्या आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, असा हा उपचार आहे. पेशींची ही जडणघडण आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान विभागातील संशोधक डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने केली आणि रुग्णांवरील चाचण्या टाटाच्या डॉक्टरांनी केल्या. दोन्ही हात लागले नसते, तर हे औषध रुग्णापर्यंत पोहोचलेच नसते.

तिचे रोजचे काम कसे असेल, हेही तिला आधीच कळायला हवे. उपचारानंतर ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी उरल्या आहेत का, हे पाहण्यासाठी अस्थिमज्जेचा नमुना येतो; त्यात चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात, आणि फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रात एकेक पेशी लेसरसमोरून जाताना संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. दहा हजार निरोगी पेशींत दडलेली एक रोगट पेशीही या पद्धतीने सापडू शकते. परंतु तो विरळ पुंजका खरा की नमुना हाताळताना झालेल्या चुकीचा, हे ठरवण्यासाठी तासन् तास बसावे लागते. प्रयोग अनेकदा फसतात. चुलतभावाच्या आजारपणातून तिच्या मनात ही इच्छा आली, असे आपण लिहिता. ती इच्छा मोलाचीच आहे, पण या बैठकीची गोडी तिला आहे का, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

म्हणून माझा आग्रह असा की, पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षांच्या मागे लागण्याआधी तिने एम.एस्सी.साठी प्रत्यक्ष प्रकल्प करून घेणारा विभाग निवडावा आणि काही महिने तरी पेशीवर्धनाच्या प्रयोगशाळेत काढावेत. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रही तिने नजरेसमोर ठेवावे. त्यानंतर नेट-जेआरएफसारखी राष्ट्रीय परीक्षा, मुलाखत आणि साधारण पाच-सहा वर्षांची पीएच.डी. असा मार्ग आहे. ॲक्ट्रेकमधील पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची, शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, त्यामुळे त्या काळात तिचा भार घरावर पडणार नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो. पीएच.डी. झाली तरी तिला रुग्णावर उपचार करता येणार नाहीत. तिला रुग्णाच्या खाटेजवळच काम करायचे असेल, तर ही वाट तिची नव्हे, आणि ते आत्ताच तिच्याशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. बोलणे झाल्यावर तिने स्वतः मला पत्र लिहिले, तर एम.एस्सी.च्या विभागांची निवड आपण मिळून करू.