त्रोटक म्हणजे मोजके नव्हे

थोड्या शब्दांत मोठा आशय सांगणाऱ्या भाषणाला 'त्रोटक' म्हणावे, 'संक्षिप्त' म्हणावे की 'मोजके', असे मिरजेच्या एका वाचकांनी विचारले आहे. 'त्रोटक' मुळीच म्हणू नये. सांगलीतल्या सभांमध्ये आभार मानणारे गृहस्थ हल्ली 'पाहुण्यांनी त्रोटक शब्दांत गहन विचार मांडले' असे बिनदिक्कत म्हणतात आणि पाहुणेही समाधानाने मान डोलावतात. वास्तविक तो त्यांचा जाहीर अपमान असतो. 'संक्षिप्त' म्हणजे मोठ्या मजकुराचे आखडते रूप, एवढे पुरे.

'त्रोटक' हा 'त्रुट्', म्हणजे तुटणे, या संस्कृत धातूपासून आला. 'त्रुटी' आणि 'तुटवडा' याच घराण्यातले, आणि हळदीच्या पेठेत ज्याची धास्ती असते तो 'तोटा'ही त्यांचा सख्खा भाऊ, असे माझे ठाम मत आहे. त्रोटक म्हणजे तुटके, अपुरे; लांबीशी या शब्दाला देणेघेणे नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात तर 'त्रोटक' हा उपरूपकाचा, म्हणजे दुय्यम नाट्यप्रकाराचा, एक प्रकार असून कालिदासाचे 'विक्रमोर्वशीय' त्यात गणले जाते, आणि ते चांगले पाच अंकी आहे! विष्णुदास भावे यांनी 1843 साली जिथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या सांगलीने तरी हे विसरू नये.

रूढी बलवान असते, असे सांगून या वापराला अभय देणाऱ्या विद्वानांनी 'अपघाताची त्रोटक माहिती हाती आली आहे' हे वाक्य कधी वाचलेच नसावे. तिथे माहिती आशयघन आहे, असे ते समजतात काय?

'मोजके' याच्या उलट. त्यात माप आहे, जसे ते ज्ञानेश्वरांच्या 'मितले' या शब्दात आहे: लागतील तितकेच शब्द घेतलेले, उणे काही नाही. पावसाळ्यात सांगलीत 'आयर्विनला किती?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, असे कोणी विचारले आणि 'बेचाळीस' एवढेच उत्तर आले, तरी कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 फुटांच्या धोका पातळीकडे निघाली आहे आणि नदीकाठच्या घरांनी सामान वर चढवायला हवे, हे सारे ऐकणाऱ्याला कळते. हे उत्तर मोजके. 'पाणी बरंच वाढलंय म्हणतात' हे त्याहून लांब असूनही त्रोटक.