मुरुमाची खाण किती खोल न्यावी? आधी ऑक्टोबरचं पाणी मोजा

तुम्ही विचारलंय की पुरंदरमधल्या माळावर दोन एकरांत मुरूम काढायचा आहे, ७० मीटरवर चुलतभावाची विहीर आहे आणि पोकलेनवाला म्हणतो, "काळा दगड लागेपर्यंत खाली जाऊ." कृपा करून तसं जाऊ नका. खाणीचा तळ मुरूम कुठे संपतो यावरून ठरवायचा नसतो, पावसाळ्यानंतर पाणी कुठपर्यंत वर येतं यावरून ठरवायचा असतो.

आपल्याकडच्या अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळपास नसतंच. ते असतं मुरमात, फुटलेल्या मांजऱ्यात (बारीक पोकळ्या असलेला नरम दगड) आणि दगडाच्या सांध्यांत. म्हणजे जो माल तुम्ही ब्रासने विकणार, त्याच थरात भावाच्या विहिरीचा साठा आहे. खड्ड्यात पाणी साठलं तर तळंच होईल, असं कुणीतरी सांगेल. साठतं, पण उघडं पडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात रोज ७-८ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. एक एकर पाणी उघडं असेल तर दिवसाला साधारण ३० हजार लिटर! ते भरून काढायला भोवतालच्या मुरमातलं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. त्यात मोटर लावून उपसा केलात तर विहीर आणखी लवकर खाली जाणार.

म्हणून आधी मोजमाप. विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडा. आदल्या संध्याकाळपासून मोटर बंद हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. मे अखेरची पातळी घ्याच, पण तळ ठरवताना ऑक्टोबरची धरा. मग डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) कठडा आणि माळ यांच्या उंचीतला फरक काढा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच गणित चुकतं. समजा कठडा माळापेक्षा ३ मीटर खाली आहे आणि ऑक्टोबरात पाणी कठड्यापासून ४ मीटरवर आहे, तर माळावरून ते ७ मीटरवर आलं. मी असतो तर २ मीटर राखून ५ मीटरवर थांबलो असतो. पण पाण्याची पातळी जमिनीखाली सपाट नसते, चढाकडे ती बहुधा वर असते. म्हणून स्वतःच्या हद्दीत, चढाच्या बाजूला निरीक्षणापुरतं एक बोअर घ्या आणि दोन्हीकडचे आकडे वहीत ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी मागा. यंदाचा पाऊस कमी झाला असेल तर त्या नोंदींशिवाय तळ ठरवू नका.

आता कड्यांचं. खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसली, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नसली आणि स्फोटकं वापरली नाहीत, तर अशा खाणीला २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यातल्या बहुतेक तरतुदी लागू होत नसत. त्यामुळे टप्पे पाडायचा कंटाळा केला जातो. पण खाली उभ्या माणसाला गाडायला ४ मीटरचा उभा कडा पुरतो. १९६१ च्या धातुखाण नियमावलीत (Metalliferous Mines Regulations) मुरमासाठी दिलंय ते पाळा: उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, किंवा दीड-दीड मीटरचे टप्पे आणि रुंदी उंचीइतकी तरी. काठापासून ३ मीटरपर्यंत सुटे दगड, झाड काही ठेवायचं नाही. पोकलेनवाला कड्याच्या पोटात बकेट घालून वरचा भाग पाडायला बघेल, कारण त्यात डिझेल वाचतं. हे पहिल्याच दिवशी बंद करा. कड्यात लाल मातीचा थर दिसला आणि त्यावरून पाणी पाझरत असेल, तर पावसाळ्यात त्या बाजूला माणूस किंवा मशीन ठेवूच नका.

चढाच्या बाजूने चर काढून पावसाचं पाणी बाहेरून वळवा. पोकलेनचं तेल बदलणं, डिझेल भरणं खड्ड्याबाहेर, खाली ताडपत्री किंवा ट्रे ठेवून. वरची काळी माती वेगळी रचा, शेवटी ती पसरायला लागेल.

परवानगीशिवाय एक ब्रासही काढू नका. आणि रिकामा खड्डा भरून द्यायला कुणी कचरा, राख किंवा मैल्याचा टँकर घेऊन आला तर फुकटातही घेऊ नका. ती घाण गाळून घ्यायला तिथे आता मुरूम उरलेला नसतो. मोजमाप झालं की कठडा, माळ आणि बोअर असे तिन्ही आकडे इथे टाका, तळ किती ठेवायचा ते मिळून बघू.