टाइल्सच्या खोलीत स्पीकर लावताना

आधी एक सांगतो, अॅम्प्लिफायर बदलायच्या भानगडीत पडू नकोस. डग्गा घुमतो आणि सतारीची तार कानाला टोचते म्हणतोस, तो दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो.

खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजव. गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती असतील, तर टाळीमागून बारीक ‘टर्रर्र’ येईल. तीच टोचणी गाण्यात मिसळते. स्पीकर आणि तुझी खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर जाड गालिचा घाल. पातळ चटईने काही होत नाही. मी सुरुवातीला जुनी गोधडी दुहेरी करून अंथरली होती. पाहुणे हसायचे, पण काम झालं.

मात्र गालिच्याने खर्ज, म्हणजे डग्ग्यासारखा जाड आवाज, आवरत नाही. त्याला जागाच बदलावी लागते:

- स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढ, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घे.
- ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, तू बसल्यावर तुझ्या कानाच्या उंचीला यायला हवा. स्पीकर फरशीवर ठेवलास तर खर्ज फुगतो.
- दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच प्रत्येकापासून तुझं.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबणं ही सगळ्यांची पहिली चूक, माझीही. दुसरी म्हणजे सोफा आपल्या पाठीमागच्या भिंतीला टेकवणं. तिथेही खर्ज जास्तच ऐकू येतो. एका वेळी एकच गोष्ट हलव आणि तेच गाणं पुन्हा ऐक. फोमचे पॅनल, सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) वगैरे नंतर बघू.