आजोबा शेवटच्या आजारात आहेत. आठ वर्षांच्या मुलीला मरणाच्या गोष्टी वाचून दाखवाव्यात का?

दाखवा ताई. आणि आजोबा आहेत तोवरच दाखवा, नंतरसाठी ठेवू नका.

सांगलीला आमच्या घरी सासूबाई पाच महिने अंथरुणाला खिळून होत्या. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. आजीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायचा आणि मागं फिरायचा. औषधांचा वास, तिचं कण्हणं, सगळ्याची त्याला भीती बसली होती. मी रोज रात्री ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' (१९५२) थोडं थोडं मराठीत सांगायला घेतलं. शार्लट ही कोळीण. विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाचा जीव वाचावा म्हणून ती जाळ्यात शब्द विणते आणि शेवटी जत्रेच्या मैदानात मरते. त्या वेळी तिच्याजवळ कुणीच नसतं. व्हाइटनी ते लपवलेलं नाही, "झोपली", "देवाघरी गेली" असलं काही नाही. मला पुढं वाचवेना. मुलानं एवढंच विचारलं, "एकटीच?"

दुसऱ्या दिवशी शाळेतनं आला तो दप्तरासकट आजीच्या खोलीत. कॉटशेजारी फरशीवर बसून गृहपाठ करायला लागला. आजीच्या उशाखालच्या श्रीखंडाच्या गोळ्या पुन्हा संपायला लागल्या.

तुमच्या मुलीला धाकटं भावंड असेल तर टोमी डी'पाओला यांचं १९७३ सालचं 'नाना अपस्टेअर्स अँड नाना डाउनस्टेअर्स' बघा. चित्रांचं पुस्तक आहे. चौऱ्याण्णव वर्षांच्या पणजीला पडू नये म्हणून खुर्चीला बांधलेलं असतं, तर चार वर्षांचा टॉमी म्हणतो, मलाही बांधा. 'श्यामची आई' तुम्हाला बरेच जण सुचवतील. मी स्वतः ते आत्ता देणार नाही. त्यात आई जाते, आणि अशा दिवसांत पोर आजोबांचं सोडून तुमचीच काळजी करत बसेल.

'शार्लट्स वेब'मध्ये एक जागा आहे, तिथं घाई करू नका. विल्बरनं तिची अंड्यांची पिशवी तोंडात धरलेली असते, आत ५१४ अंडी. त्यामुळं निघताना त्याला बोलता येत नाही. तो तिला फक्त डोळा मारतो.

शेवटच्या आठवड्यात सासूबाईंची वाचा गेली. मुलगा शाळेला निघताना दारातनं त्यांना डोळा मारायचा. त्यांना एक डोळा मिटायला जमायचं नाही, त्या दोन्ही मिटायच्या.